मेलॅनोमाची स्टेज आणि कॅन्सर रजिस्ट्रीतले आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातात बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन बसलेले रुग्ण आणि त्यांची मुलं, कॅन्सर रजिस्ट्रीत (कर्करोगाच्या रुग्णांच्या नोंदवहीत) नव्यानं कोडिंगला, म्हणजे रिपोर्टातली माहिती ठरावीक कोडमध्ये उतरवायला, लागलेली मंडळी आणि प्रबंधासाठी आकडे डाउनलोड करून चक्रावलेले विद्यार्थी पुन्हापुन्हा जे प्रश्न पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. स्टेजचे नियम अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या, म्हणजे एजेसीसीच्या, आठव्या आवृत्तीप्रमाणे दिले आहेत. उपचार काय घ्यायचे हे इथे सांगितलेलं नाही. ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

१. मेलॅनोमा हा गोऱ्या लोकांचा आजार ना? आपल्याकडे कुठे होतो?

होतो, पण कमी आणि वेगळ्या जागी. त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींचा हा कर्करोग. २०२० मध्ये जगभरात त्याचे सुमारे ३,२५,००० नवे रुग्ण आणि ५७,००० मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. सर्वात जास्त प्रमाण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये. भारतात ते लाखात एकापेक्षाही कमी.

आपल्याकडे तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो. या प्रकाराला अ‍ॅक्रल मेलॅनोमा म्हणतात आणि त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. त्यामुळे ‘माझा रंग सावळा, मला काय होतंय’ हा दिलासा इथे उपयोगाचा नाही. गायक बॉब मार्ली याचा १९८१ मध्ये ३६ व्या वर्षी मृत्यू झाला, तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालून सुरू झालेल्या मेलॅनोमानं. आपल्याकडे हाच डाग कुरूप, नखुरडं किंवा शुगरची जखम म्हणून महिनोन्‌महिने मलमावर काढला जातो, आणि रुग्ण येतो तेव्हा जांघेत गाठ आलेली असते.

२. रिपोर्ट चार पानांचा आहे. स्टेजसाठी त्यात नेमकं काय बघायचं?

आधी दोन गोष्टी शोधा: ब्रेस्लो जाडी आणि अल्सरेशन.

ब्रेस्लो जाडी म्हणजे गाठ त्वचेत किती खोल गेली आहे याचं मिलिमीटरमधलं माप. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी ते १९७० मध्ये मांडलं आणि अजून त्याला तोड सापडलेली नाही. मोजणी त्वचेच्या ग्रॅन्युलर थरापासून सर्वात खोल गेलेल्या पेशीपर्यंत होते, म्हणून तळपायाचा वरचा जाड, मेलेला थर त्यात धरला जात नाही. वर व्रण असेल तर मोजणी व्रणाच्या तळापासून. अल्सरेशन हा शब्द इथे सूक्ष्मदर्शकाखालच्या व्रणासाठी आहे. आधीच्या बायोप्सीनं किंवा खाजवून झालेली जखम त्यात मोजत नाहीत.

या दोहोंवरून ‘टी’ ठरतो: १ मिमीपर्यंत टी१, त्यापुढे २ पर्यंत टी२, ४ पर्यंत टी३, त्याहून जास्त टी४. व्रण नसेल तर ‘ए’, असेल तर ‘बी’. अपवाद फक्त टी१ चा. तिथे ०.८ मिमीपेक्षा कमी आणि व्रण नाही तर टी१ए. व्रण असेल, किंवा जाडी ०.८ ते १.० असेल, तर टी१बी. पुढे ‘एन’ म्हणजे जवळच्या लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथीत) किंवा गाठ आणि नोड यांच्यामधल्या त्वचेत काय सापडलं, आणि ‘एम’ म्हणजे आजार दूर पसरला का.

३. रिपोर्टात ‘क्लार्क लेव्हल ३’ लिहिलंय. म्हणजे स्टेज ३ ना?

नाही. वॉलेस क्लार्क यांच्या पाच पातळ्या त्वचेच्या कुठल्या थरापर्यंत पेशी पोचल्या ते सांगतात. आठव्या आवृत्तीत स्टेज ठरवताना त्या धरतच नाहीत. सवयीनं अजून लिहिल्या जातात, आणि घरच्यांची झोप उडते. कोडिंग करणाऱ्यांनीही हा आकडा स्टेजच्या रकान्यात उतरवू नये. हे सांगावं लागतं, कारण तसं होतं.

४. माझ्या यजमानांच्या पहिल्या कागदावर स्टेज १बी होती. ऑपरेशननंतरच्या कागदावर १ए आहे. आजार कमी झाला का?

आजार तोच आहे, माहिती वाढली. बायोप्सी आणि तपासणीवरून ठरते ती क्लिनिकल स्टेज. आजूबाजूच्या त्वचेसकट जागा कापून काढल्यावर आणि गरजेप्रमाणे सेंटिनल नोड (गाठीतून निघालेल्या पेशी सर्वांत आधी जिथे पोचतील तो लिम्फ नोड) तपासल्यावर ठरते ती पॅथॉलॉजिकल. टी१बी गाठीला क्लिनिकल यादीत १बी म्हणतात, कारण हाताला न लागणाऱ्या नोडमध्ये काही रुग्णांत पेशी लपलेल्या असू शकतात. नोड स्वच्छ निघाला की तीच गाठ पॅथॉलॉजिकल यादीत १ए होते.

कोडिंगवाल्यांसाठी: या दोन स्टेज वेगवेगळ्या रकान्यांत जातात. एक खोडून दुसरी लिहायची नाही. आकडे वापरणाऱ्याला तुम्ही दोन्ही एकाच रकान्यात घातल्याचं कळायला काहीच मार्ग नसतो.

५. स्टेज २सी पेक्षा ३ए बरी, असं कसं असू शकतं?

हा प्रश्न दर काही दिवसांनी येतो, आणि विचारणाऱ्याला वाटतं आपलंच वाचण्यात चुकलं. चुकलेलं नाही. आठव्या आवृत्तीसाठी वापरलेल्या आंतरराष्ट्रीय माहितीत ३ए मध्ये पाच वर्षांनी मेलॅनोमानं न दगावलेल्यांचं प्रमाण ९३ टक्के आहे आणि २सी मध्ये ८२ टक्के.

कारण स्टेजच्या क्रमात पहिला मान शरीररचनेला आहे. नोडमध्ये थोड्याशा पेशी सापडल्या तरी तिसरी स्टेज. ३ए मध्ये मूळ गाठ पातळ असते (टी१, किंवा व्रण नसलेली टी२) आणि एक ते तीन नोडमध्ये फक्त सूक्ष्मदर्शकाला दिसेल इतकाच आजार. २सी म्हणजे ४ मिमीपेक्षा जाड आणि व्रण असलेली गाठ; नोड स्वच्छ असले तरी गाठीचा स्वभावच आक्रमक. तिसऱ्या स्टेजच्या आतला पल्लाही बघा: ३ए ला ९३ टक्के, तर ३डी ला ३२. ‘स्टेज ३ आहे’ एवढंच ऐकून कुणी काही सांगत असेल तर पुढचं अक्षर विचारा.

एक सावधगिरी. ही माहिती अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या दहा मोठ्या केंद्रांतल्या ४६,००० हून अधिक रुग्णांची आहे. ते आकडे सोलापूरच्या रुग्णाच्या तळपायाला जसेच्या तसे लावू नका.

६. कॅन्सर रजिस्ट्री म्हणजे हॉस्पिटलचं रेकॉर्डच ना? माझं नाव तिथे कसं जातं?

हॉस्पिटलची रजिस्ट्री वेगळी आणि लोकसंख्येवर आधारलेली वेगळी. पहिलीत त्या इस्पितळात आलेले सगळे, मग ते कुठूनही येवोत. दुसरीत ठरावीक भागात राहणारा प्रत्येक नवा रुग्ण, मग तो उपचाराला कुठेही जावो. ‘लाखात किती’ हा आकडा फक्त दुसरीतूनच काढता येतो. नाव-पत्ता घेतात तो एकाच माणसाची दोनदा नोंद होऊ नये म्हणून. प्रसिद्ध होतात ते फक्त एकत्रित आकडे.

भारतातली अशी पहिली रजिस्ट्री मुंबईत, इंडियन कॅन्सर सोसायटीनं १९६३ मध्ये सुरू केली. आयसीएमआरचा राष्ट्रीय कार्यक्रम नंतर, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आला. १९८७ पासून चालणारी बार्शीची ग्रामीण रजिस्ट्री मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली माणसं इस्पितळापर्यंत पोचतच नव्हती, तेव्हा रजिस्ट्रीची माणसं गावागावांत जाऊन लक्षणं विचारू लागली आणि संशयितांना तपासणीला आणू लागली. आपल्याकडे बहुतेक नोंदी अशाच मिळतात: रजिस्ट्रीचा माणूस जातो, कागद मागतो, उतरवून घेतो. जिथे तो जात नाही, तिथली नोंद होत नाही (प्रश्न ११).

७. एका अहवालात ‘त्वचेचा कर्करोग’ एवढाच आकडा आहे. त्यात मेलॅनोमा धरलाय का?

आयसीडी-१० (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची यादी) मधला कोड बघा. सी४३ म्हणजे त्वचेचा मेलॅनोमा, सी४४ म्हणजे त्वचेचे बाकीचे कर्करोग. इथवर सोपं. पण रजिस्ट्रीत नोंद होते ती आयसीडी-ओ या खास कर्करोगासाठीच्या दुसऱ्या पद्धतीनं, आणि तिथे मेलॅनोमाची जागासुद्धा सी४४ च असते; तो मेलॅनोमा आहे हे पेशींच्या प्रकाराच्या कोडवरून (८७२० ते ८७९०) कळतं. दोन पद्धतींतल्या सी४४ ची सरमिसळ करून काढलेले तक्ते मी प्रबंधांत पाहिले आहेत. शिवाय बेसल सेल आणि स्क्वॅमस सेल या त्वचेच्या सर्वांत सामान्य कर्करोगांची नोंद अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक रजिस्ट्र्या घेतच नाहीत. तेव्हा देशादेशांची तुलना ‘त्वचेचा कर्करोग’ या नावाखाली करूच नका.

त्वचेच्या वरच्या थरातच असलेला मेलॅनोमा, म्हणजे ‘इन सिटू’, हा आणखी वेगळा. आयसीडी-१० मध्ये त्याला डी०३ आहे आणि तो नेहमीच्या प्रमाणात मोजत नाहीत. आयसीडी-ओ च्या कोडमध्ये गाठीच्या वर्तनाचा शेवटचा आकडा २ (इन सिटू) की ३ (खोल शिरलेली), यावर एक रुग्ण तक्त्यात येतो किंवा गायब होतो.

८. डॉक्टर म्हणतात स्टेज ४, रजिस्ट्रीत ‘स्थानिक’ लिहिलंय. कोण खरं?

बहुधा दोघंही. रजिस्ट्रीतली स्टेज निदानाच्या वेळची असते आणि तिथेच थांबते. तीन वर्षांनी आजार फुप्फुसात गेला तरी ती बदलत नाही.

शिवाय अनेक रजिस्ट्र्या टीएनएम (वरचे टी, एन आणि एम) न ठेवता थोडक्यात वर्गवारी करतात: इन सिटू, स्थानिक, प्रादेशिक, दूर पसरलेला, माहीत नाही. मेलॅनोमासाठी ही वर्गवारी फार ढोबळ आहे. ०.३ मिमीची गाठ आणि ८ मिमीची व्रण असलेली गाठ, नोड स्वच्छ असतील तर दोन्ही ‘स्थानिक’. मेलॅनोमासाठी एकच जादा रकाना ठेवता येणार असेल तर तो जाडीचा ठेवा, असं माझं मत आहे.

९. अमेरिकेच्या सियर डेटात सर्वांत पातळ गाठींचे रुग्ण त्याहून जाड गाठीवाल्यांपेक्षा जास्त दगावलेले दिसतात. हा नवा शोध आहे का?

शोध नाही, दशांश चिन्ह आहे. या पानावरचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न हाच.

सियर ही अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची योजना १९७३ पासून चालू आहे आणि जगभरचे संशोधक तिचे आकडे वापरतात. तिथे बरीच वर्षं जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, तीन अंकी लिहायची पद्धत होती. म्हणजे १ मिमीला १००, अर्ध्या मिमीला ०५०. आता रिपोर्टात ‘१.० मिमी’ आहे आणि घाईत कुणी ०१० लिहिलं, तर ती गाठ ०.१० मिमीची होते. २ मिमीची गाठ ०२० लिहिली की ०.२० ची. संगणक अडवत नाही, कारण ०२० हा चालणारा कोड आहे.

खऱ्या अर्थानं इतक्या पातळ गाठी कमी असतात आणि त्यांचे रुग्ण जवळपास सगळे बरे होतात. त्यामुळे चुकून आलेल्या थोड्या जाड गाठीसुद्धा त्या गटाचा मृत्युदर वर ओढतात. संशोधकांनी हे दाखवून दिलं आहे: पाव मिमीपेक्षा पातळ गाठींचा निकाल पाव ते अर्ध्या मिमीच्या गाठींपेक्षा वाईट दिसत होता, आणि त्यामागे कोडिंगची चूक होती. २०१८ पासूनच्या रुग्णांसाठी रकान्यात दशांश चिन्हच लिहायचं असतं, एका दशांश स्थळापर्यंत. ‘किमान १.२ मिमी’ असं लिहिलं असेल (खरवडून घेतलेल्या बायोप्सीत गाठीचा तळ कापला गेला तर असं होतं) तर त्यालाही वेगळा कोड आहे.

कोडिंगवाल्यांना दोन पुस्त्या. पहिल्या बायोप्सीची आणि नंतरच्या ऑपरेशनची जाडी यांची बेरीज करू नका. मोठी ती घ्या. आणि गाठीची रुंदी जाडीच्या रकान्यात घालू नका. रिपोर्टात ‘१२ मिमी’ दिसलं की आधी थांबा.

१०. २०१० नंतर आणि २०१८ नंतर पहिल्या स्टेजचे आकडे बदलतात. लोक लवकर तपासायला लागले का?

तसं म्हणण्याआधी आवृत्ती तपासा. २०१० पासून चालू असलेल्या सातव्या आवृत्तीत टी१ए की टी१बी हे व्रण आणि पेशी किती वेगानं विभागतात यावर ठरत होतं. आठवी अमेरिकेत १ जानेवारी २०१८ पासून लागू झाली. तिनं विभाजनाचा निकष काढून ०.८ मिमीची रेघ आणली. जाडीही एका दशांशापर्यंत लिहायची झाली. परिणाम बघा: १.०४ मिमीची, व्रण नसलेली गाठ आधी टी२ए होती. आता ती १.० धरून टी१बी. आणि ०.७५ ची आता ०.८, म्हणून तीही टी१बी.

दुसरा बदल नोडचा. डोनाल्ड मॉर्टन यांनी १९९२ मध्ये सेंटिनल नोड शोधण्याची पद्धत मांडल्यावर, पूर्वी दुसऱ्या स्टेजमध्ये गेले असते असे काही रुग्ण तिसरीत आले. दुसरीतले नाजूक रुग्ण गेले म्हणून दुसरीचा निकाल सुधारला, आणि तिसरीत तुलनेनं बरे रुग्ण आले म्हणून तिचाही. एकही रुग्ण जास्त जगलेला नसताना दोन्ही आकडे वर. अल्व्हान फाइनस्टाइन यांनी १९८५ मध्ये याला विल रॉजर्स परिणाम हे नाव दिलं. २०१७ च्या मोठ्या चाचणीनं सेंटिनल नोडनंतर सगळे नोड काढून आयुष्य वाढत नाही असं दाखवलं, तेव्हापासून ती शस्त्रक्रिया कमी झाली. म्हणजे आजारी नोड मोजलेही कमी जातात आणि ‘एन’ खाली सरकतो.

यावर उपाय एकच: जुन्या रुग्णांची मूळ जाडी, व्रण आणि नोडांची संख्या हाती असेल तर सगळ्यांना एकाच आवृत्तीनं पुन्हा स्टेज द्या. नुसती स्टेज साठवली असेल तर ते जमत नाही.

११. आमच्या रजिस्ट्रीत मेलॅनोमाच्या ९९ टक्के नोंदी सूक्ष्मदर्शकानं पक्क्या झालेल्या आहेत. म्हणजे दर्जा उत्तम ना?

फुप्फुसाच्या किंवा यकृताच्या कर्करोगात हा आकडा काहीतरी सांगतो. मेलॅनोमात तो जवळजवळ आपोआप येतो, कारण तुकडा तपासल्याशिवाय मेलॅनोमा म्हणताच येत नाही. तुमच्यापर्यंत पोचलेल्या नोंदी खऱ्या आहेत, एवढंच त्यातून कळतं. न पोचलेल्यांबद्दल तो गप्प आहे.

आणि न पोचणारे या आजारात खूप. पातळ गाठ त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातच निघते, तुकडा खासगी लॅबला जातो, रुग्ण मोठ्या इस्पितळाचं तोंडही बघत नाही. अमेरिकेतही मेलॅनोमाच्या नोंदी उशिरा पोचण्याची तक्रार जुनी आहे. तिथे वर्ष संपल्यावर २२ महिन्यांनी पहिले आकडे येतात आणि नंतरच्या वर्षांत ते वाढत राहतात. आपल्याकडे भर म्हणजे ‘कुरूप कापलं’ आणि तुकडा तपासायला पाठवलाच नाही. मृत्यूच्या दाखल्यावर कारण ‘हृदयक्रिया बंद’. तेव्हा दाखल्यांवरून सुटलेले रुग्ण पकडण्याची वाटही अरुंद.

१२. भारतात अ‍ॅक्रल मेलॅनोमा किती, हे रजिस्ट्रीतून काढता येईल का?

अर्धवट. तळपायाला स्वतःचा कोड नाही. आयसीडी-ओ मध्ये मांडी, पोटरी, टाच, तळवा, पायाची नखं हे सगळं सी४४.७ मध्ये; हाताचं सगळं खांद्यापासून सी४४.६ मध्ये. त्यामुळे अ‍ॅक्रल ओळखायचा एकच दुवा उरतो, पेशींचा उपप्रकार ८७४४. पॅथॉलॉजिस्टनं नुसतं ‘मॅलिग्नंट मेलॅनोमा’ लिहिलं की नोंद ८७२० या सर्वसाधारण कोडवर जाते आणि तळपाय कायमचा पुसला जातो. रिपोर्टाच्या वरच्या ओळीत ‘डाव्या टाचेची गाठ’ लिहिलेलं असतं, पण कोडमध्ये त्याला जागा नसते.

आपल्याकडे जो प्रकार महत्त्वाचा तोच मोजता येऊ नये, हे मला खटकतं. कोड बदलायची वाट न बघता रजिस्ट्रीनं जागेचा मजकूर शब्दांत जपला, तरी नंतर शोधता येईल. पॅथॉलॉजिस्टनीही उपप्रकार लिहावा; एका शब्दाचं काम आहे.

१३. जांघेत मेलॅनोमा निघाला, पण त्वचेवर मूळ गाठ सापडत नाही. नोंद कशी?

टी०, म्हणजे मूळ गाठीचा पुरावा नाही. टीएक्स लिहू नका. टीएक्स म्हणजे गाठ होती पण जाडी मोजता आली नाही, उदाहरणार्थ खरवडून काढलेली. जागेचा कोड सी४४.९. पण ज्यांच्या कागदावर जागा लिहायची राहून गेली तेही सी४४.९ मध्येच येतात, म्हणून या गटावरून काही निष्कर्ष काढताना टी० असलेले वेगळे करा. डोळ्याच्या आतला आणि नाक, गुद वगैरेच्या अस्तरातला मेलॅनोमा इथे बसत नाही. त्यांचे कोडही वेगळे आणि स्टेजिंगही.

१४. आईला पाठीवर मेलॅनोमा होता. सहा वर्षांनी पोटरीवर दुसरा निघाला. रजिस्ट्रीत एक की दोन?

अमेरिकेच्या नियमांनी दोन, कारण जागा वेगळी (बाजू किंवा उपप्रकार वेगळा असता तरी दोन). आंतरराष्ट्रीय नियमांनी एक, कारण सगळी त्वचा एकच अवयव धरतात आणि पहिलीच नोंद मोजतात. ऑस्ट्रेलियासारख्या देशात, जिथे एकाच माणसाला अनेक मेलॅनोमा होतात, हा फरक चांगलाच दिसतो. दुसऱ्या गाठीची स्टेज मात्र तिच्या स्वतःच्या जाडीवरून ठरते. डॉक्टरांना पहिलीबद्दल जरूर सांगा.

१५. माझ्या डेटात बऱ्याच रुग्णांची स्टेज ‘माहीत नाही’ आहे. त्यांना गाळून टाकू का?

आधी त्यातले किती खरोखर अज्ञात आहेत ते पाहा. सर्वांत मोठी गळती ‘एनएक्स’ (नोडबद्दल माहिती नाही) ची असते: पॅथॉलॉजी रिपोर्टात नोडचा उल्लेख नाही म्हणून कोडिंगवाल्यानं ‘एनएक्स’ टाकलं. पण केसपेपरवर ‘नोड हाताला लागत नाहीत’ असं लिहिलेलं असेल तर तो क्लिनिकल एन०, म्हणजे तपासणीत नोडमध्ये आजार नाही. टी१ आणि इन सिटू गाठींना नोड काढून तपासलेले नसले तरी या क्लिनिकल एन० वर पॅथॉलॉजिकल स्टेज पूर्ण करता येते. एवढं दुरुस्त केलं की ‘माहीत नाही’ चा ढीग बराच उतरतो.

उरलेले गाळू नका. त्यांत म्हातारे, लवकर दगावलेले आणि छोट्या दवाखान्यांत उपचार झालेले जास्त असण्याची शक्यता असते. ते काढले की उरलेल्यांचा निकाल आहे त्यापेक्षा गोड दिसतो. ‘माहीत नाही’ हा वेगळा गट म्हणून दाखवा, आणि संख्याशास्त्रज्ञ सोबत असेल तर मल्टिपल इम्प्युटेशन (नसलेली माहिती असलेल्या माहितीवरून अनेकदा अंदाजानं भरण्याची पद्धत) करून दोन्ही उत्तरं शेजारीशेजारी छापा. दोन्हींत मोठा फरक आला तर तक्त्याखालच्या बारीक टिपेत न लपवता तो निष्कर्षात लिहा.